मॅम टॉरच्या वाटा : इंग्लंडमध्ये नव्याने चालू लागणाऱ्यांसाठी

मँचेस्टर आणि शेफिल्ड या दोन शहरांच्या मधोमध, डार्बीशर परगण्यात होप व्हॅली नावाची दरी आहे आणि तिच्या पश्चिम टोकाला मॅम टॉर ही टेकडी उभी आहे. तिची उंची ५१७ मीटर. ज्यांचे पाय कळसूबाईच्या १६४६ मीटरांवर तयार झाले आहेत त्यांना हा आकडा किरकोळ वाटेल. त्यातही टेकडीच्या उत्तरेकडच्या दरीतल्या ईडेल गावाच्या रेल्वे स्थानकापासून मोजल्यास प्रत्यक्ष चढाई तीनशे मीटरांच्या आतच भरते. तरीही शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी या भागात आलेली आपली मंडळी पहिल्याच शनिवारी इथे येऊन चुका करतात, आणि त्या चुकांचा दमछाकीशी फारसा संबंध नसतो. गडावर जाताना आपण पायथ्याच्या वाडीत विचारतो, कुणी तरी हात करून सोंड दाखवतो, आणि गुरांच्या वाटेने आपण वर पोहोचतो. इथे विचारायला बहुधा कुणी भेटत नाही. वाट नकाशावर, कायद्यात आणि खांबावर ठोकलेल्या लहानशा बाणात असते, आणि ती तिथून वाचता येणे हे नवख्याचे पहिले काम आहे.

वाट कोणाची, हे आधी

इंग्लंडमधील डोंगराळ जमीन बहुतांशी कुणा ना कुणाच्या खासगी मालकीची असते. राष्ट्रीय उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वनखात्याचे जंगल येते. परंतु १९५१ साली स्थापन झालेले पीक डिस्ट्रिक्ट हे देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान गावे, शेते, खाणी आणि एक मोठा सिमेंट कारखाना पोटात घेऊन बसलेले आहे. खुद्द मॅम टॉर नॅशनल ट्रस्ट या धर्मादाय संस्थेच्या ताब्यात आहे, आणि तिच्या उतारांवर शेतकऱ्यांच्या मेंढ्या चरतात. अशा जमिनीतून चालण्याचा जो हक्क लोकांना आहे त्यासाठी आपल्याकडच्या महसुली कागदांतला 'वहिवाट' हा शब्द नेमका बसतो. एखाद्या वाटेने लोक वीस वर्षे कुणाच्या परवानगीवाचून आणि अडथळ्यावाचून जात-येत राहिले, तर ती सार्वजनिक वाट म्हणून दिली गेली असे कायदा गृहीत धरू शकतो, आणि एकदा सार्वजनिक झालेली वाट केवळ वापर थांबला म्हणून खासगी होत नाही. या वाटांची अधिकृत नोंद १९४९ च्या कायद्याने सुरू झाली आणि ती स्थानिक परिषदांकडे ठेवली जाते.

याचा व्यवहारातील अर्थ असा की, वाट एखाद्या घराच्या अंगणाला खेटून किंवा उभ्या कुरणाच्या मधून गेलेली दिसली तरी संकोच करण्याचे कारण नाही. आणि उलट, समोर चांगली मळलेली वाट दिसली तरी ती आपल्यासाठी आहेच असे धरून चालू नये. फाटकांवर आणि खांबांवर रंगीत बाण असतात. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी चालणाऱ्यांची वाट. निळा बाण असलेल्या वाटेवर घोडेस्वार आणि सायकलस्वार यांनाही हक्क असतो, त्यामुळे मागून घंटी वाजली तर बाजूला व्हावे. जांभळा आणि लाल हे बाण गाडीवाटांचे असून नवख्याला त्यांच्याशी क्वचितच काम पडते. बाणाबरोबर ओकच्या फळाचे चित्र दिसले तर ती लांब पल्ल्याची राष्ट्रीय वाट समजावी. ईडेल गावातून निघून स्कॉटलंडच्या हद्दीपलीकडे जाणारी २६८ मैलांची पेनाइन वे ही त्यांतली पहिली, आणि ती १९६५ साली खुली झाली.

यापलीकडे, २००० सालच्या कायद्याने उंचावरच्या माळरानांपैकी बरीचशी जमीन 'मुक्त प्रवेशाची' ठरवली आहे. तिथे वाट सोडूनही चालता येते, मात्र १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्रा आखूड दोरीने बांधून नेणे बंधनकारक आहे, कारण जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा तो विणीचा हंगाम असतो. हा हक्क आयता मिळालेला नाही. मॅम टॉरच्या माथ्यावरून उत्तरेकडे पाहिले असता दरीपलीकडे किंडर स्काउटचे ६३६ मीटर उंचीचे सपाट पठार दिसते. पूर्वी ते शिकारीसाठी राखलेले होते आणि सामान्य माणसाला तिथे मज्जाव होता. २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या तरुण कामगार कार्यकर्त्याच्या पुढाकाराने काहीशे लोक हेफिल्डच्या बाजूने ठरवून त्या पठारावर घुसले, राखणदारांशी त्यांची झटापट झाली, आणि पुढे पाच जणांना तुरुंगवास भोगावा लागला. सत्याग्रहाच्या त्याच दशकातली ही हकिगत वाचताना मराठी वाचकाला जंगल सत्याग्रह आठवला तर नवल नाही.

नकाशा घ्यावा आणि घरीच उघडावा

ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेचा 'एक्स्प्लोरर ओएल १, डार्क पीक' हा नकाशा या टेकडीसाठी पुरेसा आहे. त्याचे प्रमाण एकास पंचवीस हजार असल्यामुळे कागदावरचे ४ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर, आणि निळ्या चौकटींतली प्रत्येक चौकट बरोबर एक किलोमीटरची. हिरव्या तुटक रेघा म्हणजे कायदेशीर हक्काच्या वाटा: आखूड तुकड्यांची रेघ पायवाटेची, लांब तुकड्यांची घोडेवाटेची. काळी तुटक रेघ एवढेच सांगते की जमिनीवर तशी वाट दिसते. तिच्यावरून जाण्याचा हक्क त्या रेघेने सिद्ध होत नाही. नवखे लोक इथेच गफलत करतात. काळी रेघ जाड आणि सलग दिसली की ती मुख्य वाट समजून चालू लागतात आणि शेवटी एखाद्या शेतघराच्या कुलूपबंद फाटकापाशी उभे राहतात. मुक्त प्रवेशाची जमीन फिकट पिवळसर छटेने आणि नारिंगी-तपकिरी किनारीने दाखवलेली असते.

जागा सांगण्याची पद्धतही घरी बसून शिकून घ्यावी. मॅम टॉरचा माथा 'एसके १२७ ८३६' या संदर्भावर आहे. 'एसके' ही अक्षरे देशाच्या नकाशावरचा मोठा चौकोन सांगतात, पहिले तीन आकडे त्यात पूर्वेकडे किती सरकायचे ते सांगतात, पुढचे तीन उत्तरेकडे किती ते सांगतात, आणि दोन्ही मिळून शंभर मीटर बाजूचा एक चौकोन निश्चित होतो. मदत मागण्याची वेळ आली तर टेकडीच्या नावापेक्षा हे सहा आकडे अधिक उपयोगी पडतात. मोबाइलवरचे नकाशे सोयीचे असतात हे खरे, परंतु थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते आणि दरीत नेटवर्क भरवशाचे नसते.

वेळ, उजेड आणि हवा

चालण्याच्या वेळेचा हिशोब करण्यासाठी १८९२ साली मांडलेला नेस्मिथचा नियम आजही वापरला जातो: दर ५ किलोमीटर अंतराला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. ईडेल स्थानकावरून निघून मॅम टॉरमार्गे कॅसलटन गावात उतरायचे म्हटले तर अंतर ८ किलोमीटरांच्या आसपास आणि चढाई २८० मीटरांच्या जवळपास होते. म्हणजे नियमाने दोन तासांहून थोडे अधिक. हा नियम न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे. मुले, छायाचित्रे, चहा आणि चिखल धरून साडेतीन ते चार तास ठेवावेत.

या हिशोबाला उजेडाची जोड देणे अत्यावश्यक आहे. जूनमध्ये इथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, तर डिसेंबरमध्ये सूर्य पावणेचारच्या सुमारास मावळतो. बाराही महिने संध्याकाळी सहा-सातला दिवेलागण पाहिलेल्या माणसाचे मन हा फरक लवकर मान्य करत नाही, आणि दुपारी एकला आरामात निघालेली टोळी धारेवरच अंधारात सापडते. ऑक्टोबर ते मार्च या काळात डोक्याला बांधायचा दिवा पिशवीत असलाच पाहिजे.

हवामानासाठी मेट ऑफिसचा, म्हणजे ब्रिटनच्या हवामान खात्याचा, पीक डिस्ट्रिक्टसाठीचा डोंगरी अंदाज आदल्या रात्री आणि निघताना असा दोनदा पाहावा. त्यात पावसापेक्षा वाऱ्याचा वेग आधी पाहावा. माथ्यावर तापमान गावापेक्षा दोन-तीन अंशांनीच कमी असते, परंतु मॅम टॉरच्या धारेला दोन्ही बाजूंनी आडोसा नसल्यामुळे वारा अंगातली ऊब भराभर ओढून नेतो. सह्याद्रीत भिजत चालण्यात मजा असते, कारण पाऊस कोमट असतो. इथल्या पावसात सुती कपडे अंगाला चिकटले की थोड्याच वेळात हुडहुडी भरते. म्हणून जीन्स घालू नये. अंगालगत लवकर वाळणारा कृत्रिम धाग्याचा किंवा लोकरीचा कपडा, त्यावर ऊबदार थर आणि सर्वांत वर पाणी व वारा अडवणारे जाकीट, अशी रचना ठेवावी. बुटांचे तळ खोल खाचांचे असावेत. इथल्या चिखलात धावण्याचे बूट साबणासारखे सरकतात. पाणी, नकाशा, होकायंत्र, शिट्टी, टोपी, हातमोजे आणि खाणे बरोबर घ्यावे. खाण्यात पोळीभाजीची गुंडाळी आणि थर्मासमधला चहा यांना तोड नाही, असे माझे अनुभवांती मत आहे, कारण वाऱ्यात डबा उघडून बसणे जमत नाही.

प्रत्यक्ष वाट

पहिल्या खेपेला मोटार न्यायची नाही, असे ठरवावे. सुटीच्या दिवशी टेकडीखालचा वाहनतळ सकाळीच भरतो, शिवाय मोटार जिथे ठेवली तिथेच परतावे लागते. मँचेस्टर–शेफिल्ड मार्गावरची थांबत जाणारी गाडी ईडेलला सोडते. मँचेस्टरहून साधारण पाऊण तास लागतो आणि शेफिल्डहून त्याहून कमी. वेळापत्रक पाहताना परतीची गाडी आधी पाहावी आणि मग जाण्याची.

ईडेल गाव, तिथले चर्च आणि पेनाइन वेचा आरंभ स्थानकाच्या उत्तरेला आहे. आपल्याला उलट दिशेने, दक्षिणेला उतरून दरीतल्या मुख्य रस्त्यावर यायचे असते. समोर पूर्व-पश्चिम पसरलेली लांबलचक धार दिसते. तिच्या उजव्या, म्हणजे पश्चिमेकडच्या टोकाला मॅम टॉरचा माथा आणि डाव्या टोकाला ४७६ मीटर उंचीची लूस हिल, आणि मध्ये धार जिथे खाली झुकते ती होलिन्स क्रॉसची खिंड. नकाशातल्या हिरव्या रेघेने नो नावाचा लहानसा ओढा ओलांडून, कुरणांमधून या खिंडीकडे चढावे. हीच जुनी वहिवाट. ईडेलला स्वतःचे चर्च नव्हते तेव्हा दफनासाठी शवपेट्या याच खिंडीतून कॅसलटनला नेत असत, आणि पुढे ईडेलच्या सूतगिरणीत कामाला येणारे मजूर कॅसलटनहून याच वाटेने ये-जा करीत. चढ सरळ आहे, पाऊस पडून गेल्यावर निसरडा आहे, आणि खिंडीत पोहोचल्यावर समोर एकदम दुसरी दरी उघडते.

होलिन्स क्रॉसवर दगडी दिशादर्शक आहे आणि अनेक वाटा एकत्र येतात. इथे थांबून होकायंत्र लावावे. एकदा दाट धुक्यात मी या ठिकाणी दोन मिनिटे चहाला थांबलो, जागच्या जागी वळलो आणि ईडेलऐवजी कॅसलटनच्या बाजूला वीस मिनिटे उतरत गेलो. दोन्हीकडे तेच गवत, तेच दगड आणि त्याच मेंढ्या असल्यामुळे शंका आली ती खालून घंटेचा आवाज नको त्या बाजूने आला तेव्हा.

खिंडीतून पश्चिमेला वळले की माथ्यापर्यंत फरसबंदी वाट आहे. इतक्या सोप्या टेकडीवर फरशा कशासाठी, असा प्रश्न पडतो. दरवर्षी येणाऱ्या असंख्य पावलांनी माती उकरली जाऊन वाट रुंदावत होती, आणि या माथ्याभोवती कांस्ययुगाच्या अखेरीपासूनची तटबंदी आहे. ज्यांना किल्ल्यांची नजर आहे त्यांनी इथे घाई करू नये. चिरेबंदी बुरुजांची अपेक्षा ठेवली तर काहीच दिसणार नाही. गवताखाली दडलेला मातीचा उंचवटा आणि त्यालगतचा खंदक यांची रेघ डोळ्यांनी धरून चालले की माथ्याला घातलेला वेढा हळूहळू उलगडतो. आत लहान लहान सपाट जागा कोरलेल्या आहेत, त्या घरांच्या जोत्यांच्या. सकाळचे किंवा संध्याकाळचे तिरपे ऊन असेल तर त्या स्पष्ट दिसतात. फरशी सोडून या उंचवट्यांवर चालू नये, एवढीच अपेक्षा आहे.

माथ्यावरच्या सर्वेक्षणाच्या खांबापाशी उभे राहिले की दोन वेगळे प्रदेश एकाच जागेवरून दिसतात. उत्तरेला किंडरचे काळपट, पीट मातीचे (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांचे) आणि हेदरच्या झुडपांचे डार्क पीक. दक्षिणेला चुनखडीचे, हिरव्यागार कुरणांचे आणि फिकट दगडी गडग्यांचे व्हाइट पीक. हे गडगे कोकणातल्या गडग्यांसारखेच, चुना-माती न वापरता नुसते दगडांवर दगड रचून उभे केलेले असतात. त्यांच्यावरून चढून जाणे म्हणजे एखाद्याचे दिवसभराचे काम पाडणे होय.

तटबंदीची रेघ पूर्वेच्या बाजूला अचानक तुटते, कारण तिथे टेकडीच तुटलेली आहे. वालुकाश्माच्या कठीण थरांमध्ये शेल या ठिसूळ खडकाचे थर आलटून पालटून बसलेले असून पाणी मुरले की शेल आपली पकड सोडतो. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी इथे मोठी दरड कोसळली आणि तो ढिगारा अजूनही सरकतो आहे, ओल्या हिवाळ्यानंतर अधिकच. 'मॅम टॉर'चा अर्थ 'आई टेकडी' असा सांगितला जातो, आणि तिचे दुसरे प्रचलित नाव 'थरथरता डोंगर' असे आहे. या कड्याच्या टोकावर जाऊ नये. वरचे गवत घट्ट वाटले तरी खालचा आधार निघून गेलेला असू शकतो.

माथ्यावरून पश्चिमेकडच्या दगडी पायऱ्यांनी मॅम निक या खिंडीतल्या डांबरी रस्त्यावर उतरावे, आणि तिथून ब्लू जॉन गुहेच्या बाजूने जुन्या रस्त्याकडे जावे. या भागात सापडणाऱ्या जांभळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या फ्लोराइटला ब्लू जॉन म्हणतात. त्याच्या गुहा तिकीट काढून पाहता येतात, पण पहिल्या दिवशी त्या टाळल्या तरी चालेल. जुना रस्ता मात्र टाळू नये. १८१९ साली विनॅट्सच्या उभ्या घळीला पर्याय म्हणून तो थेट दरडीच्या अंगावरून काढला गेला, दीडशेहून अधिक वर्षे वारंवार दुरुस्त केला गेला आणि १९७९ साली कायमचा बंद झाला. आज त्याचे डांबर पायऱ्यापायऱ्यांनी खचलेले आहे, पांढरे पट्टे मध्येच तुटून खाली गेलेले आहेत, आणि भेगांच्या काठांवर एकावर एक चढवलेले डांबराचे थर मोजता येतात. चालायला तो सुरक्षित असला तरी भेगांच्या कडांवरून मुलांना उड्या मारू देऊ नयेत.

त्या रस्त्याच्या पायथ्याशी ओडिन या शिशाच्या जुन्या खाणीचे अवशेष आहेत. तिथे लोखंडी पट्ट्यांच्या वर्तुळात उभे केलेले एक दगडी चाक दिसते, आणि आपल्या गडांवर चुन्याचा घाणा पाहिलेला कुणीही ते काय आहे हे पाटी न वाचता सांगेल. फरक इतकाच की इथे घोडा चुन्याऐवजी खनिज भरडत असे. तिथून कॅसलटन जवळच आहे. गावात पोहोचण्यापूर्वी उजवीकडे विनॅट्सच्या घळीत शिरण्याचा मोह होतो. ती चुनखडीची भव्य घळ आहे हे खरे, पण जुना रस्ता बंद झाल्यापासून सगळी वाहने त्याच अरुंद चढावरून जातात, म्हणून सुटीच्या दिवशी ती दुरूनच पाहावी.

जनावरे आणि फाटके

फाटक जसे सापडले तसेच सोडावे: बंद होते तर बंद, उघडे होते तर उघडे. उघडे फाटक 'मदत' म्हणून लावून घेतले तर पलीकडच्या जनावरांचे पाणी तुटू शकते. मार्च ते मे हा कोकरांचा काळ. एकटे पडलेले कोकरू उचलून घेऊ नये, त्याची आई जवळच असते. गाईंबद्दल आपल्या मनात भीती नसते, उलट आपुलकीच असते, आणि नेमकी ती इथे घातक ठरू शकते. वासरांबरोबरच्या गाई अनोळखी माणसावर, विशेषतः कुत्रा बरोबर असेल तर, चाल करून येतात. त्यांच्यापासून लांब वळसा घालावा, त्यांच्या आणि वासरांच्या मधून जाऊ नये, आणि अंगावर आल्याच तर कुत्र्याची दोरी सोडून द्यावी. उन्हाळ्यात नेच्याच्या उंच रानातून चालल्यावर पायांवर गोचीड तपासावी, कारण तिच्यामुळे लाइम नावाचा आजार होऊ शकतो. चूल, शेकोटी किंवा एकदाच वापरायची बार्बेक्यू शेगडी कोणत्याही ऋतूत पेटवू नये. पीट माती पेटली की आग जमिनीखालून धुमसत राहते.

कुणाला इजा झाली किंवा वाट पूर्ण हरवली तर ९९९ किंवा ११२ वर फोन करून प्रथम पोलिसांची आणि त्यांच्यामार्फत माउंटन रेस्क्यूची, म्हणजे डोंगरातल्या बचाव पथकाची, मागणी करावी. ही पथके स्वयंसेवकांची असतात आणि पैसे आकारत नाहीत, त्यामुळे संकोचाने उशीर करू नये. नेटवर्क नसेल तर एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, हा क्रम चालू ठेवावा.

कॅसलटनहून परतायचे तीन पर्याय आहेत. शेफिल्डकडे जाणारी बस मिळते. होप स्थानक सुमारे ४ किलोमीटरांवर आहे आणि तिथवर सपाटीने चालत जाता येते. किंवा अंगात जोर आणि आकाशात उजेड असेल तर होलिन्स क्रॉसची खिंड पुन्हा चढून ईडेलला उतरता येते. बसला किंवा गाडीला तासभर अवकाश असला तर गावावरच्या पेव्हरिल किल्ल्याकडे पाहावे. दुसऱ्या हेन्रीच्या काळात, ११७६ साली उभारलेला त्याचा चौकोनी बुरूज खालच्या गल्लीतूनही दिसतो. पबमध्ये जेवायला शिरताना दारातली पाटी वाचावी. काही ठिकाणी चिखलाचे बूट चालतात आणि काही ठिकाणी ते बाहेर काढून ठेवावे लागतात, म्हणून न भोकांचे मोजे घालून निघावे.